बॅटमन की टोनी स्टार्क?

भाचा विचारतोय, रविवारी आईला बॅटमनचा 'द डार्क नाइट' (2008) दाखवू की टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचा, 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (2019)? आमची ताई सोलापुरातली, सुपरहिरो म्हटलं की नाक मुरडणारी.

वेळ बघ: पहिला 152 मिनिटांचा, दुसरा 181. शिवाय 'एंडगेम'आधी निदान त्याच्या आधीचा भाग 'इन्फिनिटी वॉर' पाहिलेला हवा, नाहीतर अर्धी जीवसृष्टी पुसणाऱ्या त्या चुटकीचं कुणाला काय!

खरी गंमत शेवटात. टोनी चुटकी वाजवून जीव देतो तेव्हा माझ्या हातातला कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत तसाच राहिला. बॅटमन मात्र दुसऱ्यानं केलेले खून स्वतःच्या अंगावर घेतो आणि पळतो. धाकटा वैतागला, "कसला हिरो बे हा, पळतोय!" रडू येत नाही खरं, पण दोन दिवस डोक्यातून जात नाही. मला तोच भावला.

ताईला बॅटमन दाखव. 'एंडगेम' आधीचे भाग पाठ असलेल्या दोस्तांसोबत, रुमाल घेऊन.