ओटीपी जपला आणि अंगठा देऊन बसलो

हे लिहायला लाज वाटतीये खरं सांगायचं तर, पण आमच्या वयाच्या कुणाचे तरी पैसे वाचतील म्हणून लिहितोय. मी ६९ वर्षांचा, पिंपरीच्या कंपनीत बत्तीस वर्षं काढली, ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ ऑफिसची पेन्शन येते २,१८० रुपये. हो, महिन्याला. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयेच आहे, त्या मानाने मी श्रीमंतच म्हणायचं. धायरीत वन आरकेचं भाडं साडेनऊ हजार, दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट आणि मालक वाढवणारच. सकाळी एका मेडिकलमध्ये बसतो, त्याच्यावर भागतं.

जूनमध्ये सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर मेसेज आला, पेन्शनरांना घरभाड्यासाठी दरमहा ४,००० अनुदान, खाली तीन सिंहांचा शिक्का. पाठवणारा आमचाच मित्र, त्यालाही कुणीतरी पाठवलेला. आता चार हजार म्हणजे माझ्या भाड्याचा जवळजवळ निम्मा भाग हो, डोकं कुठलं चालतंय. बायको म्हणाली आधी चौकशी करा. मी म्हटलं तेच करायला चाललोय.

नऱ्हे रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर जिना चढून ऑफिस. खोली लहान पण फ्लेक्स, रजिस्टर, शिक्के, सगळं होतं. पोरगा पंचवीसेक वर्षांचा, एकदम नम्र, काका पाणी घ्या, काका पंखा वाढवू का. मला भुलवलं ते त्याच्या प्रश्नांनी. भाडेकरार रजिस्टर केलेला आहे ना? मालकाचं नाव त्यातलंच ना? पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर काय? मला वाटलं एवढी कागदपत्रं मागतोय म्हणजे सरकारीच काम असणार, चोर कशाला करार बघतोय. फॉर्मचे ५९० रुपये घेतले, वर पावतीपण दिली.

मी सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं, ओटीपी देणार नाही. तो हसून म्हणाला, काका ओटीपी कुणालाच देऊ नका, मी पण मागणार नाही. आणि खरंच मागितला नाही! आधारची झेरॉक्स घेतली, पेन्शन कुठल्या बँकेत येते विचारलं आणि हयातीच्या दाखल्याला असतं तसलं छोटं मशीन पुढे सरकवलं. मोबाईल बाजूच्या ट्रेमध्ये ठेवा म्हणाला, सिग्नलने मशीन अडकतं.

आता आमच्या वयात अंगठे झिजलेले असतात, रेशनला जाणाऱ्या सगळ्यांना माहितीये, चार-चार वेळा लावावा लागतो. त्यामुळे तो 'उमटला नाही काका' म्हणाला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. त्याने फडक्याने काच पुसली, माझा अंगठाही पुसला, परत लावला. परत नाही. तिसऱ्यांदा म्हणाला झालं, पुढच्या महिन्यात खात्यात येतील. मी त्याला थँक्यू म्हणून आलो.

तीन दिवसांनी भाड्यासाठी एटीएमला गेलो तर बॅलन्स ३४० रुपये. मेसेज आलेले होते मोबाईलवर, पण बँक दिवसाला दहा जाहिराती पाठवते, बघतंय कोण. पासबुक भरून घेतलं तर त्याच दिवशीच्या, चार मिनिटांच्या अंतराने दोन एन्ट्र्या, १०,००० आणि ८,०००, पुढे एईपीएस. काउंटरवरच्या मॅडमनी समजावलं, आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात, ओटीपी लागतच नाही. गावाकडं बँक लांब असते तिथल्या लोकांसाठी सोय आहे ती. म्हणजे 'उमटला नाही' म्हणत होता तेव्हा पैसे निघत होते.

ऑफिसला कुलूप. झेरॉक्सवाला म्हणाला महिन्याच्या भाड्याने जागा घेतली होती, त्याचंही भाडं बुडवून गेला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, बँकेत लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. कळल्या कळल्या करायचं हे, मी घरी कसं सांगू या विचारात अख्खा दिवस घालवला तो घालवायला नको होता. पैसे अजून आलेले नाहीत, तक्रार नंबर तेवढा आहे.

नंतर तहसीलला संजय गांधी योजनेच्या खिडकीवर विचारलं, पेन्शनरला भाड्यासाठी दरमहा पैसे अशी योजनाच नाही म्हणाले. म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, ६५ च्या वर, महिना १,५००, पण त्याला घरचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं. महिन्याला पावणेदोन हजार! माझी २,१८० ची पेन्शनच त्यात बसत नाही. ज्यांचं बसतं त्यांनी जरूर अर्ज करा, पण जिना चढून कुणाकडे जाऊ नका, तहसीलमध्येच जा. पोरांनी वाऱ्यावर सोडलं असेल तर २००७ च्या कायद्याने प्रांत ऑफिसात पोटगी मागता येते. काही अडलं तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७.

भाचीने आधारच्या ॲपवरून माझं बायोमेट्रिक लॉक करून दिलंय, म्हणजे आता माझा अंगठा कुठल्या मशीनवर चालत नाही. पाच मिनिटांचं काम, आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे फक्त. हयातीच्या दाखल्याला तेवढं थोड्या वेळापुरतं उघडायचं. रेशनलाही चालत नाही, तिथे बायको जाते. मालकाने भाडं दोन हप्त्यांत घेतलं, आणि मेसेज पाठवणारा मित्र महिनाभर फिरायला आलेला नाही, त्याच्याही खात्यातून गेलेत का ते विचारायला आज संध्याकाळी त्याच्या घरी चाललोय.