जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह, १४ महिने वापरून झाल्यावर (आणि तो फिलर प्लग)

घेतली तेव्हा गाडी १८ वर्षांची होती. मधल्या १४ महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून ११ हजार किलोमीटर काढलेत. स्पेसिफिकेशन सगळ्यांना तोंडपाठ असतात, ते उगाळत बसत नाही. मॉडेलचं नावही मुद्दाम देत नाही, कारण हे रडगाणं एकाच गाडीचं नाही. आडवं इंजिन, पुढची चाकं कायम चालती, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्यात व्हिस्कस कपलिंग (गरज पडेल तेव्हाच मागची चाकं जोडणारा सीलबंद डबा), अशी मांडणी असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला ते लागू पडेल.

पहिले दोन महिने मजेत गेले. मग पुढचे दोन टायर पार गोटा झाले म्हणून बदलले. दोनच बदलले. मागच्यांची नक्षी ४ मिलिमीटर शिल्लक होती आणि धडधाकट टायर फेकून देण्याइतका मी उदार नाही.

तिसऱ्या महिन्यात पार्किंगमधून रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण कापलं, ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी हलेचना. मागून कोणी धरून ठेवल्यासारखी. ॲक्सिलरेटर दाबला तर टायर फरशीवर कुईं करून ओरडले आणि गाडी हिसका देऊन सुटली. शिवाय ताशी ६० च्या पुढे खालून घुं घुं आवाज.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि व्हील बेअरिंग म्हणाला. बेअरिंग बदललं, घुं घुं होती तिथेच. मग म्हणाला सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा वळता सांधा. आता एवढं मलाही कळतं की बाहेरचा सीव्ही जॉइंट गेला की स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी काढताना चाकाच्या तालावर कट्‌कट्‌कट् ऐकू येतं, आणि बहुतेकदा आधी त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असतं. माझे चारही बूट शाबूत होते. तरी एक जॉइंट बदलला गेलाच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, ‘गिअरबॉक्स उतरवून बघावा लागेल.’ गॅरेजमध्ये ‘बघणे’ हे सगळ्यात महाग क्रियापद आहे. मी गाडी घरी आणली.

बेअरिंगची खूण नंतर कळली, तीही फुकटात. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुलवायची. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. माझा आवाज दोन्हीकडे तसाच राहायचा. म्हणजे बेअरिंग नाहीच! ही दोन मिनिटांची चाचणी गॅरेजमध्ये कोणी केली नव्हती. मी जाऊन तसं सुनावलं, तर उत्तर आलं, ‘साहेब, बेअरिंग नवं लागलंय ना? वाया कुठे गेलं?’

मग मी प्रोपेलर शाफ्टच उतरवला. फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) आधी रंगाने खुणा केल्या, कारण परत बसवताना शाफ्ट वेगळ्या कोनात बसला तर थरथर सुरू होऊ शकते. नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी काढली आणि रिव्हर्स लोण्यासारखा. घुं घुंही बंद. म्हणजे आजार मागच्या बाजूच्या ओढाताणीत होता. (मध्ये ओपन सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, असलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नका. शाफ्ट काढल्यावर सगळी ताकद त्या मोकळ्या टोकाकडे निघून जाते आणि गाडी जागची हलत नाही.)

आणि इथे मी शहाणपणा केला. खाली झोपलोच आहोत तर पुढच्या ट्रान्स्फर युनिटचं (ताकद प्रोपेलर शाफ्टकडे वळवणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइलही बदलू म्हटलं. ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचं बूच, सहज सुटला. टोकाच्या चुंबकाला राखाडी लगदा होता, तो चालतो. बोटांना टोचणारे तुकडे निघाले तर घाबरायचं. जुनं ऑइल सगळं ओघळून गेलं आणि मग मी फिलर प्लगला, म्हणजे नवं ऑइल भरायच्या बुचाला, हात घातला.

तो सुटला नाही.

चौकोनी खाचेचा प्लग, एक्झॉस्टच्या पाइपाकडे तोंड करून बसवलेला. त्याच्या डोक्यापासून पाइपापर्यंत जागा ३७ मिलिमीटर. मोजली आहे, तीनदा. पाना आत गेला तर फिरत नाही, फिरला तर खाचेतून निसटतो. एक जुना बोल्ट कानस मारून चौकोनी केला, तो पिळवटला. तीन रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारला. नऊ दिवस गाडी ऑइलविना स्टँडवर उभी आणि मी रोज संध्याकाळी तिच्याखाली आडवा. शेवटी एक्झॉस्टचे तीन नट काढले, रबरी टांगण्या सोडल्या, पाइप चार बोटं खाली आला आणि लांब टॉमी (लोखंडी दांडा) लावून एका हिसक्यात प्लग सुटला. ज्याने तो तिथे ठेवला त्याने आयुष्यात एकदाही स्वतः ऑइल भरलेलं नसणार. आधी फिलर सोडवायचा आणि मगच ड्रेन, हे कोणीही अनुभवी फिटर सांगेल. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलं नाही. आता प्लगच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलंय.

सहाव्या महिन्यात या अनुभवाचा पहिला खर्डा लिहिला होता. त्याचं शेवटचं वाक्य ‘घेऊ नका’ असं होतं. ते खोडतोय.

कारण मग मी टायरचा हिशेब मांडला. २१५/६५ आर १६ या मापाचा नवा टायर एका फेरीत साधारण २१५५ मिलिमीटर अंतर कापतो. नक्षी ४ मिलिमीटरने झिजली की परीघ २५ मिलिमीटरने घटतो. म्हणजे कागदावर तरी माझी मागची चाकं पुढच्यांपेक्षा दर किलोमीटरला जवळजवळ साडेपाच फेऱ्या जास्त मारत होती, तेही सरळ रस्त्यावर. वळणावर चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरणारच. १९६६ च्या जेन्सन एफएफमध्ये काय किंवा १९८० च्या ऑडी क्वाट्रोमध्ये काय, मध्ये डिफरन्शियल घातलं ते त्यासाठीच. माझ्या गाडीत ते काम कपलिंगकडे. बंद डब्यात एकाआड एक चकत्या, निम्म्या एका शाफ्टला, निम्म्या दुसऱ्याला, मध्ये सिलिकॉन द्रव. दोन्हींच्या वेगात फरक पडला की द्रव तापतो आणि चकत्या एकमेकींना धरतात. अधूनमधून धरायचं काम मी त्याला चोवीस तास लावलं होतं.

तपासायला शाफ्ट परत जोडला, मागचं एक चाक उचलून खाली स्टँड दिला, बाकीची चाकं हलू नयेत म्हणून अडवली, हँडब्रेक सोडला. हबच्या नटावर आवळायच्या दिशेने लांब दांडा लावला आणि टोकाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन अडकवला. कॅन आपोआप हळूहळू खाली येतो. वेळ जितका जास्त, तितकं कपलिंग घट्ट. माझ्या गाडीत दांडा ४५ अंश फिरायला ३ मिनिटं १० सेकंद लागले. कॅनकडे बघत बसायचं, एवढंच काम.

आधी काटकसर म्हणून मागचे दोन टायर पुढच्यांच्याच जोडीचे घेतले. घुं घुं निम्मी झाली, रिव्हर्स मात्र चिकटतच राहिला. द्रव कायमचा घट्ट झाला होता. कपलिंग सीलबंद असतं, घरी उघडून ऑइल बदलण्याची सोय नाही. भंगारात गेलेल्या तशाच गाडीचं मिळालं. विकत घ्यायच्या आधी तिथेही कॅन टांगला. ४० सेकंद. भंगारवाला शेजारी उभा राहून बघत होता, काही बोलला नाही.

तेव्हापासून आवाज नाही, ओढ नाही, आणि लिटरला ८.९ वरून १०.८ किलोमीटर. कपलिंग म्हातारं होतंच, पण त्याला शेवटचा धक्का माझ्या दोन टायरांनी दिला. वाचवलेले पैसे बेअरिंग, जॉइंट आणि कपलिंगमध्ये कितीपट गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. आता दर ८ हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे, म्हणजे चारही सारखे झिजतील. आणि गाडी बंद पडून टो करावी लागली तर ती चारही चाकं उचलूनच. दोन चाकं जमिनीवर फिरवत नेली तर कपलिंगची वाट लागते.

ओल्या चढावर गाडी जशी निमूट चढते त्याबद्दल खरं तर जास्त लिहायला हवं होतं. पण डोक्यात प्लगच आहे. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल पुढच्या आठवड्यात बदलायचंय. त्याच्या फिलर प्लगवर चार दिवस झाले स्प्रे मारतोय. ड्रेन प्लगला अजून हात लावलेला नाही.