फिशटँकसाठी पाणी: नळाचं की विहिरीचं?

टाकी गढुळली, मासे वर येऊन तोंड उघडमीट करताहेत, तर आधी अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारं विष, तपासा. तो शून्यच हवा. ६० लिटरच्या टाकीतलं १५ लिटर पाणी पाइपने तळाची घाण ओढत काढा. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नको. मग प्रश्न उरतो नव्या पाण्याचा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन. ते माशांचे कल्ले भाजतं, अमोनिया पचवणारे जीवाणू मारतं. बादली २४ तास उघडी ठेवून एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, उडून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, बाटलीवरच्या मापाने.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली नसेल तर क्लोरीन नाही, म्हणून लोक ते पाणी थेट ओततात. फसगत इथेच होते. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ, किंचित आम्लधर्मी. पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) धरून ठेवणारे क्षार त्यात कमी. पीएच ६ च्या खाली घसरला की जीवाणू सुस्तावतात आणि पाणी काचेसारखं नितळ दिसत असूनही अमोनिया साचतो. आम्लात तो फारसा बाधत नाही. पण त्यात एकदम भरपूर नळाचं पाणी ओतलं, की पीएच चढतो, तोच अमोनिया विषारी होतो आणि मासे पटापट उलटे होतात! उपाय किनाऱ्यावरच पडलाय: कालवांची शिंपलं उकळून, फोडून, मूठभर जाळीत बांधून फिल्टरमध्ये ठेवा. खाडीकाठची विहीर मे महिन्यात मचूळ होते. मॉली ते सोसते, निऑन टेट्रा नाही.

नवशिक्याने नळाचंच घ्यावं. पाणी दिवसाआड येत असेल, तर एक ड्रम भरून ठेवा.