सीपॅप मशीन: आठ महिने वापरल्यावर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी पर्चेस बघते. दुपारी अडीचला वेंडर मीटिंग असायची. मिनिट्स लिहायचं काम माझं, आणि वहीत तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर अक्षर घसरून पेनाची नुसती रेघ खाली गेलेली दिसायची. एकदा कुणीतरी माझा डुलकीतला फोटो काढून ग्रुपवर टाकला. तो अजून तिथेच आहे.

दोन वर्षं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासण्यात गेली. बाई दमलेली दिसली की आधी रक्तच बघतात. मी घोरते हे नवरा सांगायचा, पण ते मी हसण्यावारी न्यायचे. शेवटी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणारी तपासणी केली: तासाला 34 वेळा श्वास थांबत किंवा अडखळत होता. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि आकडा 30च्या वर गेला की तो तीव्र. घसा मिटतो, मेंदू दचकून जागं करतो, सकाळी यातलं काही आठवत नाही.

त्यावर उपाय सीपॅप: मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं मशीन. मी ऑटो, म्हणजे दाब आपोआप कमी-जास्त करणारं घेतलं, मास्कसकट 46,000 रुपये. त्याआधी महिनाभर भाड्याने वापरलं, तेच शहाणपणाचं ठरलं, कारण पहिला मास्क (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) मी झोपेतच ओढून काढायचे. नुसत्या नाकावरचा घेतल्यावर जमलं. आता जे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं ते सांगते. शनिवारी रात्री डोक्याला तेल लावलं की पट्टा घसरतो. चेहऱ्याला क्रीम लावलं की सिलिकॉनची कड सुटते आणि हवा फुसफुसत डोळ्यांत जाते. अंबाडा घालून झोपता येत नाही, सैल वेणी एका बाजूला घ्यायची. मंगळसूत्र नळीत अडकतं, ते रात्री काढून ठेवते. सासूबाईंना ते पटायला मशीनपेक्षा जास्त दिवस लागले. थंडीत नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडायचे, म्हणून नळीला जुन्या ओढणीचं आवरण शिवलं. हवा ओलसर ठेवणाऱ्या मशीनच्या टाकीत पाणी डिस्टिल्डच घालते.

वीज गेली की मात्र गुदमरल्यासारखं होऊन जाग येते. इन्व्हर्टर नसेल तर आधी त्याचा विचार करा.

मशीनच्या ॲपमधला श्वास अडखळण्याचा तासाचा आकडा आठवड्याभरात 34वरून 4वर आला. दिवसाची झोप तशी गेली नाही. पहिला महिना मला वाटत होतं की पैसे पाण्यात गेले. दिवसा किती झोप येते याला 24 पैकी गुण देणारी एक प्रश्नावली असते, एपवर्थ म्हणतात. त्यात 17 होते, तीन महिन्यांनी 8 आले. एका लग्नाला साताऱ्याला जाताना मशीन नेलं नाही, तर परत आल्यावर सोमवारी तीच डुलकी, तीच रेघ.

डॉक्टरांचं पत्र घेऊन साहेबांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "अहो, जेवल्यावर आम्हालाही झोप येते." मी म्हटलं, "साहेब, तुमचा श्वास चालू असतो." ते पत्र त्यांनी मग नीट वाचलं, आणि मीटिंग सकाळी अकराला गेली. खरं सांगायचं तर निम्मा फरक मशीनने केला असेल तर निम्मा त्या अकराने. ऑफिसातली चेष्टा मात्र थांबलेली नाही. आता एखादं बिल माझ्याकडून चुकलं तरी "मॅडमची झोप झाली नाही वाटतं" असंच येतं.

पाचापैकी चार देते. एक कापला तो मास्कच्या गादीसाठी: सहा महिन्यांत ती कडक झाली आणि नवीनला चांगलेच पैसे पडले.

पुढच्या आठवड्यात सप्लायर ऑडिटसाठी चेन्नईला जायचं आहे, अकाउंट्सच्या मॅडमबरोबर एकाच खोलीत. मशीन बॅगेत भरून ठेवलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.