हेदवीच्या वाटेवरचे घावणे
गुहागरहून हेदवीला दशभुजा गणपतीला जाताना एका घराच्या पडवीतच ही खानावळ आहे, बोर्ड बिर्ड काही नाही, नुसती खडूने लिहिलेली पाटी ‘घावणे मिळतील’. खानावळवाले काका एसटीत ड्रायव्हर होते, ५८ ला रिटायर झाले आणि पेन्शन म्हणजे ती ईपीएस-९५ वाली, म्हणजे पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेतली, जिची किमान रक्कम २०१४ पासून १००० रुपयांवरच अडकलीय, त्यात सिलिंडर आणि बीपीच्या गोळ्या... हिशोब तुम्हीच करा.

घावणे मात्र एक नंबर! बिडाच्या तव्यावरचे, मस्त जाळी पडलेले, सोबत गूळ वेलची घातलेला नारळाचा रस. काळ्या वाटाण्याची उसळ जरा तिखट. सर्व्हिस स्लो, चौघांना पाऊण तास लागला, कारण काका प्रत्येकाशी गप्पा मारत बसतात. बाबांना म्हणाले, “पहिलं वर्षभर पहाटे चारला जाग यायची नि जायचं कुठे तेच कळायचं नाही हो, आता उठून तांदूळ वाटतो.” आतून काकू, “वाटते मी, हे नुसते उठतात!”

सगळं गोड नाहीये पण, मे महिन्याच्या गर्दीत गुडघे बोलतात, पावसात गिऱ्हाईक नाही, आजारी पडलं तर पगारी रजा कोण देणार? तरी परत नोकरी नकोच म्हणाले, दुकान कधी बंद ठेवायचं ते माझं मी ठरवतो.

बाबा पण यंदाच रिटायर झालेत. गाडीत गप्प होते, चिपळूण आल्यावर एकदम, “आपली गावची पडवी केवढी आहे रे?”

रेंज नाही, कॅश न्या.