दादरचं बालहार्मोन क्लिनिक: लहान मुलांचा रिपोर्ट लहान मुलांच्याच आकड्यांनी वाचतात

भांडुपहून स्लो लोकलने दादर, तिथून पश्चिमेला चालत, आणि वर पोचल्यावर तासभर ताटकळणं. एवढं करूनही मी हे क्लिनिक प्रत्येक आईबापाला सुचवीन.

लेक साडेसात वर्षांची. छातीत वाढ दिसू लागली म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी इथे पाठवलं. मुलींमध्ये ८ वर्षांच्या आत आणि मुलग्यांमध्ये ९ च्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली, तर तपासून घ्यावंच लागतं. सोबत घराजवळच्या लॅबचा रक्ताचा रिपोर्ट होता: टोटल कोलेस्टेरॉल १७८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ११८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१. शेजारच्या रकान्यात २०० आणि १५० च्या मर्यादा छापलेल्या. लॅबवाल्याने फोनवरही सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे सर."

क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमनी त्या रकान्यावर सरळ पेनाने काट मारली. त्या मर्यादा मोठ्या माणसांच्या. दहा वर्षांखालच्या मुलांचं ट्रायग्लिसराइड ७५ च्या आत हवं, १०० ला पोचलं की जास्तच. टोटल १७० च्या आत, एचडीएल ४५ च्या वर. हे आकडे त्यांनी बाजूला स्वतःच्या हाताने लिहून दिले. मला लॅबचा खरंच संताप आला. त्याच कागदावर वय ७ असं ठळक छापलेलं असताना मर्यादा मात्र बापाच्या वयाच्या!

तपासणी अतिशय नीट. उंची मोजताना पोनी सोडायला लावली, टाचा भिंतीला टेकवल्या, तीनदा मोजली. आतल्या खोलीतल्या तपासणीला फक्त तिची आई थांबली, आणि हात लावण्याआधी मॅडमनी लेकीला विचारलं, "चालेल ना गं तुला?" अंगाने भरलेल्या मुलींत नुसती चरबीही छातीसारखी दिसते, म्हणून हाताने चाचपावंच लागतं, हे आम्हाला आधी समजावलं. मग डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे, हाडांचं वय, म्हणजे हाडं किती वर्षांच्या मुलीइतकी वाढलीत ते बघायला. मान मागून काळवंडली होती आणि आमची आई रोज बेसन लावून ती घासत होती. ते लगेच बंद करायला सांगितलं. तो मळ नाही, शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत असल्याची खूण असू शकते.

वयात येताना इन्सुलिनचा असर सगळ्याच मुलांत थोडा कमी होतो. त्यात वजन जास्त असेल तर साखर आणि चरबी दोन्हींवर ताण येतो. शिवाय जास्तीचं वजन मुलींना लवकर वयात आणायलाही हातभार लावतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. गंमत म्हणजे याच काळात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आपोआप थोडं उतरतं. म्हणून नुसता आकडा बघून चालत नाही, मूल कुठल्या टप्प्यावर आहे तेही बघावं लागतं. हे सगळं साध्या मराठीत, चित्र काढून सांगितलं. कुणाला दोष दिला नाही.

वयात येणं लांबवणारं इंजेक्शन लगेच माथी मारलं नाही. हाडांचं वय आणि उंचीचा वेग बघून ठरवू म्हणाल्या. तोवर दुधातली साखर आणि पावडर बंद, डब्यातला ज्यूस बंद, रोज तासभर घाम येईपर्यंत खेळ. आमच्या बिल्डिंगच्या आवारात गाड्या सोडून काही मावत नाही, हे ऐकून त्यांनी दोरीवरच्या उड्या सुचवल्या. जिन्याच्या पॅसेजमध्ये रोज चालू आहेत.

दोन गोष्टी खटकल्या. आहाराचा छापील कागद इंग्रजीत आहे आणि त्यात ओट्स, क्विनोआ. भाकरी, उसळ, पालेभाजी असा मराठी कागद हवा. आणि वेळ दिल्यावर इतकं थांबवू नये, उपाशीपोटी रक्त देऊन आलेली पोरं कावतात.

जाताना शाळेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी नक्की न्या. मॅडम त्या तक्त्यावर ठिपके मांडून बघतात आणि त्यावरून बरंच ठरवतात.