अमेरिकेतला पब्लिक रेडिओ : नऊ महिने ऐकल्यावर

एप्रिल २०२५ मध्ये आमचं ऑफिस न्यू जर्सीतल्या लॉरेन्सव्हिलला हललं. एडिसनहून रूट १ वरून जायला पाऊण तास, यायला तेवढाच. गाण्यांचा आठवड्यात कंटाळा आला, म्हणून पब्लिक रेडिओ लावला. तो आजतागायत चालू आहे.

‘पब्लिक’ म्हटल्यावर मला वाटलं होतं, हे इथलं आकाशवाणी. साताऱ्याला आजोबा सात-पाचच्या बातम्यांवर घड्याळ लावायचे, त्यातला प्रकार. पण हा मामला निराळा आहे. १९६७ च्या कायद्याने सीपीबी (कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग) हे महामंडळ निघालं. सरकारचा पैसा त्याच्याकडे यायचा आणि तिथून गावोगावच्या स्टेशनांना मिळायचा. एनपीआर (नॅशनल पब्लिक रेडिओ) ही १९७० ची स्वतंत्र ना-नफा संस्था. ती कार्यक्रम बनवते, स्टेशनं ते पैसे मोजून घेतात. तिच्या स्वतःच्या उत्पन्नात थेट सरकारी पैसा जेमतेम १ टक्का असायचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिलं सुख म्हणजे कुणी ओरडत नाही. आपल्याकडच्या चॅनेलवर सहा चौकटींतून सहा जण एकदम किंचाळतात, त्याची सवय झालेल्या कानाला हे आधी मिळमिळीत वाटतं. एका दुपारी बातम्या संपताना निवेदिकेने नाव सांगितलं, लक्ष्मी सिंग, आणि मी आवाज वाढवला. मागून कळलं की वडील त्रिनिदादचे भारतीय वंशाचे, आई पोर्तो रिकोची. माझं स्वतःचं नाव ऑफिसात कुणाला धड उच्चारता येत नाही. त्यामुळे वॉशिंग्टनहून रोज कुणीतरी ‘लक्ष्मी’ म्हणतं याचं मला उगाचच बरं वाटतं.

माझ्यासाठी खरी वसुली झाली ती ‘कोड स्विच’मध्ये. वंश आणि ओळख यांवरचा एनपीआरचा हा उपक्रम २०१३ चा, पॉडकास्ट २०१६ पासून. घरात एक बोली आणि गोऱ्यांच्या ऑफिसात दुसरी, असा आवाज बदलणं म्हणजे कोड स्विच. ऐकलं आणि मी थेट पुण्याच्या हॉस्टेलवर पोचले. पहिल्या आठवड्यात मी ‘पानी’ म्हणाले, तर खोलीतल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. महिन्याभरात माझ्या तोंडात ‘पाणी’ बसलं, ‘लोणी’ बसलं. सुट्टीत घरी गेले की आजी म्हणायची, ‘लई शाणी झालीस गं.’ अमेरिकेतल्या काळ्या माणसांबद्दल माहिती घ्यायला बसले होते आणि आपलाच न-ण निघाला.

जातीचंही तसंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. हे मी २०२५ मध्ये जुने भाग ऐकताना नीट समजून घेतलं. मंडळाच्या गणपतीत या विषयावर कुणी अवाक्षर काढत नाही. मोदकाची रेसिपी मात्र पाच जणी सांगतात.

आता खटकलेलं. सामाजिक न्यायाच्या चर्चांत पुष्कळदा निवेदक आणि पाहुणे एकमेकांच्या होला हो करतात, ज्याला पटलेलं नाही तो खोलीतच नसतो. शिवाय भाषा. मागच्या सीटवरून माझ्या लेकीने विचारलं, “आई, सिस्टेमिक म्हणजे काय?” मी म्हटलं, कुणी एक माणूस वाईट नसतो, तरी काहींच्या वाट्याला दर वेळी मागचाच नंबर येतो. “मग असं का नाही सांगत?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवीस वर्षं एनपीआरमध्ये काढलेले संपादक उरी बर्लिनर यांनी एप्रिल २०२४ मध्ये लेख लिहून हेच दुखणं फार कडक शब्दांत मांडलं: वॉशिंग्टनच्या संपादकीय विभागात ८७ नोंदणीकृत डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन शून्य, असा त्यांचा दावा होता. एनपीआरने आरोप फेटाळले, त्यांना पाच दिवस निलंबित केलं, मग त्यांनीच राजीनामा दिला. मला त्यांचं सगळं पटत नाही. लेकीचा प्रश्न मात्र पटतो.

आणि ती वर्गणी मोहीम! कार्यक्रम मध्येच तोडून फोन करा, मेंबर व्हा. दाराशी उभ्या राहिलेल्या गणपती मंडळाच्या पोरांपेक्षा चिवट. मी एका स्टेशनला महिना १० डॉलर चालू केले. पहिल्याच महिन्यात कार्डावरून दोनदा कापले गेले आणि भेट म्हणून कबूल केलेली कापडी पिशवी तीन महिन्यांनी आली. पिशवी दणकट आहे, भाजीला वापरते.

जुलै २०२५ मध्ये घाव बसला. ‘हा रेडिओ डावा आहे’ हे भांडण मुख्यतः वॉशिंग्टनच्या एनपीआरशी. पण अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, सीपीबीचे दोन वर्षांचे ११० कोटी डॉलर काढून घेतले, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी, आणि २४ जुलैला ट्रम्प यांची सही झाली. १ टक्का असलेली संस्था हलली, पण उभी आहे. अलास्कात बेथेल गावचं केवायूके मात्र १९७१ पासून चालतंय आणि त्याच्या उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग याच पैशाचा होता. सुक्याबरोबर ओलं जळालं ते इथे. सीपीबीने ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळायला घेतला आणि जानेवारी २०२६ मध्ये विसर्जनच ठरवलं.

ऑक्टोबरमध्ये हालोंग वादळाच्या उरल्यासुरल्या जोराने त्याच भागातली किपनुक, क्विगिलिंगोक ही गावं उद्ध्वस्त केली. त्या आठवड्यात मी पोळ्या करताना फोनवर केवायूके लावत होते. इंग्रजी झालं की तिथल्या मूळ रहिवाशांच्या युपिक भाषेत बातम्या. गावांची नावं सोडली तर एक शब्द कळत नव्हता. पण वाचणाऱ्याची ती संथ, एकसुरी लय अगदी सात-पाचची होती. आधी काय घडलं, मग काय करायचं.

या महिन्यात माझ्या १० मधले ५ डॉलर तिकडे वळवले. पिशवी मिळते का, ते विचारलं नाही.